गुलाबी-जांभळ्या पेन्सिलींच्या पलीकडे

अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाचं हिस्टॉलॉजीचं प्रॅक्टिकल चालू आहे. ओळीने मायक्रोस्कोप, शेजारी उघडी जर्नलं आणि दोनच रंगांच्या पेन्सिली. आज स्लाइड अ‍ॅड्रिनलची.

"सर, कडंला फिकट अन् मधी जांभळं दिसायलंय," केजकडचा एक मुलगा आयपीसवरचा डोळा न काढता म्हणतो.

"कडेचं कॉर्टेक्स, मधलं मेड्युला. मधल्या क्रोमाफिन पेशी अ‍ॅड्रिनलिन करतात. या पेशी सिंपथेटिक नसांच्या भावकीतल्या. गर्भात न्यूरल क्रेस्टमधून दोघींचा उगम."

"मग यांना नसांसारखे धागे का नाहीत?" मागून एक मुलगी.

सर फळ्यावर लिहितात : १९७६, ग्रीन आणि टिश्लर, पीसी-१२. उंदराच्या अ‍ॅड्रिनलमधल्या गाठीतून वाढवलेल्या या पेशी. त्यांच्या ताटलीत नर्व्ह ग्रोथ फॅक्टर घातला की विभाजन थांबतं आणि आठवडाभरात धागे फुटतात. सर पांढऱ्या गोलाला खडूने लांब शेपट्या काढतात. "पण खरी गंमत न दिसणारी. पुढच्याच वर्षी डिक्टरसोबत या दोघांनी इलेक्ट्रोडने तपासलं. एरवी फारसा प्रतिसाद न देणारी पेशी आता विजेचे आवेग सोडायला लागली होती."

"फॅक्टर करंट देतो?"

"नाही. तो पेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतो, संदेश केंद्रकात जातो, जनुकं जागी होतात, नवी प्रथिनं बनतात. पेशीच्या आवरणात सोडियम चॅनल वाढतात. म्हणून तर दिवस लागतात."

"म्हणजे साध्या क्रोमाफिन पेशीत करंट नसतोच?"

"असतो की. गायीच्या अ‍ॅड्रिनलमधून काढलेल्या पेशींतले सोडियम-कॅल्शियमचे प्रवाह फेनविक, मार्टी आणि नेहर यांनी १९८२ साली मोजले. कॅल्शियम आत शिरलं की अ‍ॅड्रिनलिन बाहेर पडतं."

मुलगा स्लाइड सरकवतो. त्यात वीज शोधतोय बहुतेक. सर हसतात. "फॉर्मलिनमधली मेलेली पेशी आहे ती. करंट मोजायचा तर पेशी जिवंत पाहिजे, अन् मायक्रोमीटरभर तोंडाची काचेची पिपेट. अशा जिवंत पेशींची बँक पुण्याला आहे, राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात."

सगळ्यांच्या पेन्सिली चालू आहेत. मागची मुलगी मात्र थांबली आहे. "सर, धाग्यांचं राहिलं. यांना कॉर्टेक्स तर अडवत नाही ना? ते काढून टाकलं तर?"

सर खडू खाली ठेवतात. "ताटलीत तेच केलेलं असतं. कॉर्टेक्सचं स्टेरॉइड नाही आणि फॅक्टर आहे, अशा वेळी उंदराच्या साध्या क्रोमाफिन पेशीही नसांसारख्या होतात. स्टेरॉइड असेल, तर ग्रंथीपेशीच राहतात. तुझा प्रश्न चित्राखाली लिहून ठेव. व्हायव्हात सगळ्यांना तोच विचारणार आहे."

वर्गभर एकदम पानं उलटतात.