कॉम्प्युटरची तारीख मागे जाते? आधी सेल बघा

ताईंनो, लाइट जाऊन आली की घरचा कॉम्प्युटर जुनीच तारीख दाखवतो का? लगेच "मशीन बाद झालं" म्हणू नका. आत मदरबोर्डवर नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल असतो. वीज नसताना कॉम्प्युटरचं घड्याळ त्यावर चालतं. काही वर्षांनी तो संपतो.

तारीख चुकली की गटाच्या हप्त्याची नोंद भलत्याच दिवशी पडते, बँकेची वेबसाइटही अडते. म्हणून प्लग काढून सेल बदलून घ्या. बहुतेक मशीनमध्ये 'सीआर २०३२' लागतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मग तारीख लावा. तरीही ती मागे गेली, तरच मेकॅनिक गाठा.

आणि जुना सेल पोरांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर जिवावर बेततं!