मृगापासून उन्हाळ्यापर्यंत विज्ञानाचा तास

मृगाचा पाऊस लागला की बेळगावच्या पश्चिमेकडील आमच्या गावात शाळेची पटसंख्या कागदावरच राहते. शाळा नुकतीच उघडलेली असते आणि सातवीच्या मागच्या दोन बाकांवर कोणी नसते. रोप लावणीला घरात जितके हात तितके कमीच. भांगलणीला तीच गत, सुगीला तर विचारूच नका. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी हजेरीपटावर लाल खुणा करीत गेलो. पालकांना बोलावून समजही दिली. त्याने काही झाले नाही.

एकदा बाष्पीभवनाचा पाठ चालू होता. शब्द फळ्यावर लिहिला, व्याख्या सांगितली, मुलांनी ती पाठही केली. दुसऱ्या दिवशी विचारले, "कालच्या ओल्या फडक्यातलं पाणी कुठं गेलं?" वर्ग गप्प. लावणीची रजा संपवून त्याच दिवशी परतलेला एक मुलगा मागून म्हणाला, "आटलं की, सर. वारं असलं की बिगीनं आटतंय, ढग असलं की नाही." पुस्तकात दिलेल्या कारणांपैकी दोन कारणे त्याने एका दमात सांगितली होती. त्याच्याकडे नव्हता तो फक्त पुस्तकातला शब्द. तेव्हापासून आधी मुलांचा शब्द आणि मग पुस्तकाचा, हा क्रम मी मोडलेला नाही.

पावसाळ्यात आम्ही सरळ कडांचा एक पत्र्याचा डबा शाळेच्या उघड्या अंगणात ठेवतो. रोज सकाळी पट्टी घालून पाणी मोजायचे आणि डबा रिकामा करायचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक गुंठा साधारण १०१ चौरस मीटरचा, म्हणजे दहा मिलिमीटर पावसात गुंठ्यावर हजार लिटर पाणी पडते. हे गणित मुले घरी जाऊन वडिलांना सांगतात आणि वडील ते लक्ष देऊन ऐकतात, कारण त्यात त्यांचे शेत असते. नोंदवहीत तारखेशेजारी नक्षत्रही लिहायचे. मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा ही नावे मला शिकवावी लागत नाहीत, आजीने ती शिकवलेली असतात. मी एवढेच सांगतो की सूर्याच्या वाटेचे सत्तावीस भाग केले तर एकेका भागाला साडेतेरा दिवस लागतात. म्हणून मृग दरवर्षी सात-आठ जूनलाच निघतो, आणि दिवाळीसारखा मागेपुढे सरकत नाही. पाऊस मात्र नक्षत्राला बांधलेला नाही, हेही डब्यावरून दिसते.

लावणीला गेलेल्या मुलांना मी आता एक काम देतो. रोप उपटताना मुळे पाहायची, वाफ्यातले पाणी सकाळी व दुपारी हाताला कसे लागते ते सांगायचे, बेडूक कुठे अंडी घालतो ते बघायचे. परत आल्यावर पहिला तास त्यांचा. मागच्या बाकावरचा मुलगा पुढे उभा राहून बोलतो तेव्हा शाळेतच असलेल्या मुलांना थोडा हेवा वाटतो. तेवढा वाटायला हरकत नाही.

भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर आमच्याकडे मसूर, वाटाणा, हरभरा होतो. थंडीत एक-दोन झाडे मुळासकट उपटून आणायला सांगतो. मुळांवरच्या गाठी नखाने फोडल्या की आत गुलाबी रंग दिसतो, म्हणजे आतले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला पुरवीत आहेत. "मग भाताला अशा गाठी का नाहीत, सर?" हा प्रश्न दरवर्षी येतो. जगातले शास्त्रज्ञ अजून याच प्रश्नामागे लागलेले आहेत, असे सांगितले की मुले खूष होतात.

खेड्यातल्या मुलांना अशा रीतीने शिकवणे हा काही माझा शोध नव्हे. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत १९७२ साली असाच उपक्रम सुरू झाला आणि २००२ मध्ये सरकारने तो बंद करेपर्यंत चालला. तिथले माध्यम हिंदी. आमच्या सीमाभागात प्रश्न आणखी एका पदराने वाढतो. पालक विचारतात, पुढे कन्नडमध्ये नाहीतर इंग्रजीतच शिकायचे, मग विज्ञान मराठीत कशाला? हा प्रश्न मी उडवून लावीत नाही, पोराच्या पोटापाण्याचा तो प्रश्न आहे. वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही तीन रकाने आखतो: मराठी, कन्नड, इंग्रजी. कन्नड शब्द चुकला तर शेजारच्या कन्नड शाळेतले शिक्षक दुरुस्त करून देतात. वाफ म्हणजे आवी. सुगीला सुग्गी, हे कळल्यावर वर्ग हसला होता. पण रकाना भरायचा तो गोष्ट समजल्यावर. न समजलेली गोष्ट तीन भाषांत पाठ करून काय उपयोग?

तरीही मुले जातात. सहावीतला एक हुशार मुलगा, डब्याची नोंद कधी न चुकवणारा, जूनमध्ये शहरातल्या इंग्रजी शाळेच्या बसमध्ये चढला. वडिलांशी मी वाद घातला नाही.

मीटरभर उंचीची काठी आम्ही वर्षभर अंगणात रोवून ठेवतो. भर दुपारी तिची सावली २२ डिसेंबरला ८२ सेंटिमीटर भरते, मार्चच्या २१ तारखेला २८. बेळगाव परिसरात ती वर्षातून दोनदा नाहीशी होते, ३-४ मे आणि ८-९ ऑगस्टच्या सुमारास. ऑगस्टात आभाळ भरलेले आणि मे महिन्यात शाळेला सुट्टी, त्यामुळे हा धडा वर्गात कधीच होत नाही. तरी मे महिन्यात पाच-सहा मुले येतात. गेल्या खेपेला साडेबाराच्या आधीच बसवाला मुलगाही सायकलवरून आला आणि पट्टी त्यानेच धरली. "सर, आमच्या शाळेत ह्याला झीरो शॅडो डे म्हणतात," तो म्हणाला. "पण काठी नाही तिथं."