पडद्यावरील मजकूर कानांनी वाचताना

नेत्रविभागाच्या कार्याचा आढावा घेताना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांचा उल्लेख प्रथम येतो आणि ते स्वाभाविकही आहे. मोतीबिंदूने गेलेली दृष्टी बहुधा परत येते. परंतु काचबिंदूने डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूची हानी केली असेल, मधुमेहाने दृष्टिपटल कायमचे निकामी झाले असेल किंवा वयोमानाने पीतबिंदूचा ऱ्हास झाला असेल, तर गमावलेली दृष्टी पूर्ववत करणारा उपचार आजही वैद्यकशास्त्रापाशी नाही. अशा रुग्णास ‘आता अधिक काही करता येण्याजोगे नाही’ असे सांगून निरोप दिला जातो. औषधोपचारापुरते हे विधान खरे असले, तरी वाचनापुरते ते खरे नाही. बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, वर्तमानपत्र, इतकेच नव्हे तर डॉक्टरांची वेळ घेणेही आता महाजालावर होते. दृष्टी नसताना वा अल्प असताना हे सारे स्वतः करता यावे, यासाठी जी साधने आहेत त्यांचा परिचय करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

स्क्रीन रीडर, म्हणजे पडदावाचक प्रणाली, हे यांतील प्रमुख साधन. ही प्रणाली पडद्याचे चित्र ‘पाहून’ वाचते असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. संकेतस्थळाचे पान हा मुळात खुणांनी बांधलेला मजकूर असतो. हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुवा, ही नाव लिहिण्याची चौकट, अशा त्या खुणा. ब्राउझर त्यांवरून पान रंगवून दाखवतो, तर पडदावाचक त्याच खुणांचा आधार घेऊन पान उच्चारून दाखवतो. माऊसची गरज राहत नाही. ‘एच’ ही कळ दाबली की पुढचे शीर्षक, ‘टी’ दाबली की पुढचा तक्ता, ‘एफ’ दाबली की अर्जातील पुढची चौकट. डोळस मनुष्य वर्तमानपत्रावर नजर टाकून हवी ती बातमी निवडतो, तसाच अंध वाचक शीर्षकांवरून उड्या घेत हव्या त्या जागी पोहोचतो. सरावलेले वापरकर्ते आवाजाचा वेग इतका वाढवतात, की शेजारी बसलेल्यास एक शब्दही उमगू नये. ज्यांना ब्रेल येते त्यांच्यासाठी हाच मजकूर वर-खाली होणाऱ्या बारीक टोकांच्या पट्टीवर उमटवता येतो. मात्र ही पट्टी अजूनही महाग आहे.

या क्षेत्रातील अनेक महत्त्वाची कामे अंध व्यक्तींनीच केली आहेत. १९७८ साली मोटार अपघातात दृष्टी गमावलेल्या टेड हेंटर या अमेरिकन अभियंत्याच्या कंपनीने १९८९ मध्ये ‘जॉज’ ही प्रणाली आणली. वयाच्या चौदाव्या वर्षी अंधत्व आलेल्या जपानच्या चिएको असाकावा यांनी आयबीएममध्ये घडवलेला ‘होम पेज रीडर’ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात साधा मजकूर पुरुषाच्या आवाजात आणि दुवे स्त्रीच्या आवाजात ऐकू येत. किती साधी आणि किती नेमकी ही कल्पना! पुढे ते साधन बंद झाले. जॉज आजही प्रचलित आहे, परंतु तिची किंमत आपल्याकडील सामान्य कुटुंबास पेलणारी नाही. ही अडचण दूर केली ती ऑस्ट्रेलियातील मायकेल करन व जेम्स टेह या दोघा अंध तरुणांनी. २००६ पासून विकसित होत आलेली त्यांची ‘एनव्हीडीए’ ही प्रणाली विनामूल्य आहे आणि कोणत्याही साध्या विंडोज संगणकावर चालते.

अल्पदृष्टी असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना बहुधा ऐकण्यापेक्षा पाहून वाचणे प्रिय असते. ब्राउझरमध्ये ‘कंट्रोल’ व अधिकचे चिन्ह एकत्र दाबल्यास अक्षर मोठे होते. विंडोजमध्ये भिंगाची सोयही आहे. मात्र ‘जितके मोठे तितके चांगले’ हा समज चुकीचा आहे. पीतबिंदू गेलेल्या रुग्णाची मधली दृष्टी जाते, कडेची राहते. त्यास खरोखर मोठे अक्षर हवे. उलट वाढलेल्या काचबिंदूत मधली दृष्टी बरी असून भोवतालचे क्षेत्र आक्रसते. त्यास अक्षर फार मोठे केल्यास एका वेळी दोनच अक्षरे दिसतात आणि ओळ हरवते. त्यास मध्यम अक्षर व ठळक रंगभेद अधिक उपयोगी पडतो. ज्यांना प्रकाशाने डोळे दिपण्याचा त्रास आहे, त्यांनी काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर करून पाहावे. म्हणूनच साधनाची निवड नेत्रतपासणीच्या कागदासह व्हावी, असे आमचे मत आहे.

मराठी वाचकांपुढे एक खास अडचण होती व काही अंशी अजूनही आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या मराठी फाँटमध्ये रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असे. डोळ्यांना ‘रुग्णालय’ दिसे, पण संगणकाच्या लेखी तेथे निरर्थक रोमन अक्षरांची रांग असे आणि पडदावाचक तीच वाचे. युनिकोडने हा प्रश्न सोडवला, मराठी बोलणारे आवाजही आज उपलब्ध आहेत. तथापि जुन्या फाँटमधील धारिका अद्याप ठिकठिकाणी पडून आहेत. पानाची भाषा मराठी आहे ही खूण घातलेली नसेल, तर इंग्रजी आवाज मराठी मजकूर गाळून पुढे जातो आणि ऐकणाऱ्यास पान रिकामेच वाटते.

येथे रुग्णालयांनी, आपणही, आपल्या घराकडे पाहणे आवश्यक आहे. तपासणीचा अहवाल छायाचित्र म्हणून पाठवला, तर पडदावाचकास त्यात केवळ ‘चित्र’ एवढेच सापडते. मग रक्तातील दोष वा गरोदरपणाचा निष्कर्ष शेजाऱ्याकडून वाचून घेण्याची वेळ रुग्णावर येते. स्वतःच्या आजाराची वार्ता प्रथम स्वतःस कळावी, एवढीही मुभा त्यास उरत नाही. चित्रातील अक्षरे ओळखणारी व चित्राचे वर्णन करणारी साधने अलीकडे पुष्कळ सुधारली आहेत. घरगुती छायाचित्रासाठी ती छानच आहेत. परंतु १.२ मधील टिंब निसटून १२ वाचले गेले, तर केवढा अनर्थ ओढवेल हे डॉक्टरांना सांगावयास नको. अहवाल मजकूर म्हणूनच पाठवणे हा यावरचा उपाय आहे व त्यास वेगळा खर्च नाही.

सुगम संकेतस्थळांचे आंतरराष्ट्रीय निकष १९९९ पासून उपलब्ध आहेत. अक्षर व पार्श्वभूमी यांतील रंगभेद सामान्य मजकुरासाठी किमान ४.५ ला १ असावा, प्रत्येक चित्रास शब्दांत वर्णन असावे, सर्व कामे कळफलकावरून करता यावीत, असे ते निकष आहेत. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ही जबाबदारी खासगी संस्थांवरही टाकली आहे आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांची उपलब्धता हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले.

ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांनी हातातील फोनपासून आरंभ करावा. आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ ही सोय सेटिंगमधील अ‍ॅक्सेसिबिलिटी या विभागात असते. निराळे काही विकत घ्यावे लागत नाही. बोट फिरवले की त्याखालील वस्तूचे नाव ऐकू येते आणि दोनदा टिचकी दिली की ती उघडते. ही सोय चालू केल्यावर एका स्पर्शाने काहीच उघडत नाही, त्यामुळे फोन बिघडला असे वाटून घरची मंडळी ती तत्काळ बंद करून टाकतात. तसे करू नये. पहिले काही दिवस रोज अर्धा तास रुग्णाच्या हातीच फोन राहू द्यावा आणि मदत करणाऱ्याने बोट न लावता केवळ तोंडी सांगावे.