ब्रह्मगिरीची फेरी आणि टाचेमागची नस

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी कुशावर्तात स्नान करून त्र्यंबकेश्वरहून ब्रह्मगिरीची फेरी निघते. छोटी फेरी सुमारे २० किलोमीटरची, आणि बरेच भाविक ती अनवाणी करतात. दुसऱ्या दिवशी अनेकांची टाचेमागची नस धरते. मग घरोघरी निदान ठरलेलं: ‘खड्यांवर टाच आपटली.’

टाच टेकते त्या क्षणी या नसेवर फारसा ताण नसतोच. पोटरीचे दोन स्नायू खाली एकत्र येऊन जाड दोरीसारखे टाचेच्या हाडाला बांधलेले असतात. हीच अकिलिस कंडरा. पाऊल जमिनीवर असताना शरीर पुढे सरकतं, नडगी पावलावर झुकते, कंडरा ताणली जाते आणि टाच उचलून सगळा भार चवड्यावर आला की पोटरी जोरात ओढते. चालताना खरा ताण तेव्हाचा, शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट. धावताना तो साधारण सहा ते आठ पटींवर जातो. चढावर टाच चवड्याच्या खाली राहते, घोटा आणखी वाकतो. पायरीवर नुसता चवडा टेकवला तरी तेच. म्हणून पायऱ्या चढताना पूर्ण पाऊल ठेवावं. वाट ओबडधोबड असेल तर पाऊल आत-बाहेर कलंडतं आणि कंडरेच्या एका बाजूला जास्त ओढ बसते.

‘अनवाणी धावलं की पाय घट्ट होतात,’ असं सांगताना आपल्याकडे हमखास कविता राऊतचं नाव येतं. सावरपाड्याच्या या मुलीने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, आणि तिची सुरुवात अनवाणीच होती. पण तिचे पाय लहानपणापासून त्या जमिनीला सरावले होते. चाळिशीत बूट काढून जॉगिंग ट्रॅकवर एकदम चवड्यावर धावणाऱ्याची गोष्ट वेगळी. चवड्यावर धावताना गुडघ्यावरचा भार कमी होतो, पण पोटरी आणि कंडरेवरचा वाढतो. बदल करायचाच असेल, तर तो काही महिन्यांत, थोडा थोडा करावा.

दुखलं की पायरीवर टाच खाली सोडून ताण द्यायचा, हाही सर्रास दिला जाणारा सल्ला. दुखणं हाडाला चिकटलेल्या जागी असेल, तर घोटा वाकताना कंडरा टाचेच्या हाडावर दाबली जाते आणि दुखणं वाढतं. तिथे काही दिवस टाचेखाली छोटी उंच गादी बरी.

पूर्ण विश्रांतीनेही कंडरा बळकट होत नाही. १९९८ साली स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी कंडरेच्या मधल्या भागात जुनं दुखणं असलेल्या धावपटूंकडून १२ आठवडे, दिवसातून दोनदा, टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम करून घेतला. विश्रांती आणि गोळ्यांनी बरे न झालेले हे लोक पुन्हा धावू लागले. मोजका, रोजचा भार कंडरेला हवाच असतो. एका सोमवारी अचानक पडलेला तिला सोसत नाही.

आणि ‘पाऊल हलतंय, म्हणजे नस तुटलेली नाही’ हा समज सर्वांत घातक. कंडरा पूर्ण तुटली तरी इतर स्नायू पाऊल थोडं खाली ढकलू शकतात, माणूस लंगडत चालतोही. मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, आवाज आला, टाचेच्या वर खळगा लागला आणि एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येईना, तर तेल चोळत बसू नये. रुग्णाला पालथं झोपवून डॉक्टर पोटरी दाबून पाहतात. पाऊल हललं नाही, तर कंडरा तुटल्याचा संशय पक्का. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावं, आणि तोवर त्या पायावर भार देऊ नये.