गतविजेत्यांचा आठवा क्रमांक : पुणेरी पलटणचा पडता हंगाम आणि संघाची फेरबांधणी

१ मार्च २०२४ रोजी हैदराबादच्या गचिबोवली क्रीडागृहात हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ अशी मात करून प्रो कबड्डी लीगचे पहिले विजेतेपद मिळवणारा पुणेरी पलटण हा संघ त्याच वर्षाच्या डिसेंबरात, लीगचा अकरावा हंगाम संपला तेव्हा, बारा संघांच्या गुणतक्त्यात आठव्या क्रमांकावर होता; बाद फेरीत पहिल्या सहा संघांनाच प्रवेश असल्याने गतविजेत्यांचा हंगाम साखळी सामन्यांबरोबरच संपला. त्यातही विशेष असे की, त्या हंगामाची बाद फेरी आणि अंतिम सामना पुण्यातच, बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात होता. २९ डिसेंबरला यजमान शहराचा संघ मैदानात नव्हता आणि पाटणा पायरेट्सला ३२-२३ असे हरवून करंडक उचलणाऱ्या हरियाणाच्या बचावात मोहम्मदरेझा शादलुई चियानेह हा इराणी खेळाडू होता, जो दहा महिन्यांपूर्वी पुण्याच्या बाजूने याच हरियाणाविरुद्ध अंतिम सामना खेळला होता. एका वर्षाच्या आत झालेल्या या उलथापालथीची कारणे मॅटवर जितकी सापडतात, तितकीच ती लिलावाच्या टेबलावरही सापडतात.

हा संघ पुणे शहराचा म्हणवला जात असला तरी त्याला पोसणारी कबड्डी शहराबाहेरची आहे. पुणे-सोलापूर महामार्गावर चौफुला आणि पाटस यांच्या दरम्यान असलेले वरवंड, दौंड तालुक्यातील त्याच्या आसपासची गावे आणि भीमेपलीकडचा शिरूर हा मुलूख उसाचा, साखर कारखान्यांचा आणि जत्रेच्या सामन्यांचा आहे. या पट्ट्यात कबड्डीकडे वळणाऱ्या मुलासमोर बऱ्याचदा नोकरीचे गणित असते, कारण शासकीय भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट दौंडलाच असल्याने भरतीचा विषय घराघरात चर्चेचा असतो. मातीवर खेळलेला मुलगा पोलीस किंवा रेल्वेच्या संघात जावा, एवढीच अपेक्षा वर्षानुवर्षे होती. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी सुरू झाल्यावर त्या अपेक्षेत खेळाडूची बोली लावणाऱ्या बाजाराची भर पडली. पलटणचे यशापयश या मुलुखात बारकाईने पाहिले जाते ते याच कारणाने, कारण ज्या साच्यातून हा संघ घडला त्या साच्यात इथली मुले बसू शकतात.

सुरुवातीचा इतिहास फारसा अभिमानाचा नाही. पहिल्या दोन्ही हंगामांत पुणे तळाला राहिले, मनजीत छिल्लरच्या नेतृत्वाखाली तिसऱ्या हंगामात तिसरे आले, चौथ्यातही तिसरे आले आणि सहाव्या-सातव्या हंगामांत पुन्हा घसरले. या काळात दर दोन-तीन वर्षांनी नवा कर्णधार, नवा प्रशिक्षक आणि एखादा महागडा नावाजलेला चढाईपटू अशी पद्धत दिसते, आणि तिचे फळ काय मिळाले ते गुणतक्त्यावरून कळतेच. आठव्या हंगामापासून, म्हणजे २०२१ पासून, व्यवस्थापनाने धोरण बदलले. लीगच्या नियमांत ‘न्यू यंग प्लेअर’ नावाचा एक वर्ग आहे. लिलावाबाहेरून, ठरावीक मानधनावर तरुण खेळाडू करारबद्ध करण्याची आणि पुढे त्याला संघात राखण्याची सोय त्यात आहे. पुण्याने या वाटेने अहिल्यानगर जिल्ह्यातील अस्लम इनामदार आणि हरियाणाचा मोहित गोयत यांना घेतले, आकाश शिंदे व पंकज मोहिते या महाराष्ट्राच्या चढाईपटूंना वाढवले, गौरव खत्री आणि अबिनेश नादराजन यांना बचावात रुजवले आणि ‘युवा पलटण’ या नावाने एक दुसरी फळीही उभी केली. हे शहाणपणाचे धोरण होते, आणि पुढे काय घडले हे माहीत असूनही ते चुकीचे होते असे म्हणता येणार नाही.

या तरुणांच्या जोडीला अनुभवी बचावपटू विकत घ्यायचा, हा धोरणाचा दुसरा भाग होता. नवव्या हंगामात १ कोटी ३८ लाखांना आलेल्या फझल अत्राचलीने कर्णधार म्हणून संघाला अंतिम फेरीत नेले. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत जयपूर पिंक पँथर्सने तो सामना ३३-२९ असा जिंकला. त्या दिवशी दुखापतींमुळे अस्लम आणि मोहित दोघेही खेळले नव्हते, हा तपशील पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. दहाव्या हंगामाच्या लिलावात पुण्याने शादलुईवर २ कोटी ३५ लाख मोजले. प्रत्येक संघाला खर्चासाठी ५ कोटींची मर्यादा असताना एका खेळाडूवर जवळजवळ निम्मी रक्कम लावणे त्याच संघाला परवडते, ज्याचे बाकीचे खेळाडू स्वस्तात घडलेले असतात. त्या हंगामात पलटणने २२ साखळी सामन्यांपैकी १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि केवळ २ गमावले. शादलुई ९९ पकडगुणांसह सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि कर्णधार अस्लमला सर्वाधिक मोलाच्या खेळाडूचा मान मिळाला.

इथे खेळाची एक अंतर्गत व्यवस्था समजून घेणे आवश्यक आहे. कबड्डीत बाद झालेला खेळाडू बाकावर बसतो आणि संघाने गुण मिळवला की बाद होण्याच्या क्रमाने एकेक जण ‘जिवंत’ होऊन परततो. त्यामुळे प्रमुख चढाईपटू बाद झाला की तो परत केव्हा येणार हे बऱ्याच अंशी बचावपटूंच्या हाती असते. डाव्या कोपऱ्याचा रक्षक समोरच्याला निदान रेषेच्या आत, बोनसच्या मोहाने थोडा अधिक खोल येऊ देतो, त्याचे वजन पुढच्या पायावर गेले की खाली झेपावून घोटा धरतो आणि त्याच क्षणी शेजारचा मध्यरक्षक अंगावर येऊन त्याला मध्य रेषेपासून दूर रेटतो. दोन-तीन सेकंदांच्या या पकडीने गुण तर मिळतोच, शिवाय आपला बाकावरचा चढाईपटू आत येतो. शादलुईसारखा खेळाडू सामन्यात अशा चार-पाच पकडी करतो, तेव्हा तो अप्रत्यक्षपणे अस्लमच्या चढायांची संख्याही वाढवत असतो. चढाई आणि पकड यांची खाती वेगळी लिहिली जातात, पण व्यवहार एकाच तिजोरीतून होतो.

विजेतेपदानंतर ऑगस्ट २०२४च्या लिलावापूर्वी पुण्याने शादलुईला मुक्त केले आणि हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना घेतले. तरुणांचे मानधन विजेतेपदाबरोबर वाढत जाते, राखलेल्या खेळाडूंची रक्कम ५ कोटींतूनच वजा होते, तेव्हा महागडा एक किंवा घरचे पाच अशी निवड करणे भाग पडते. पुण्याने घरचे पाच निवडले. पण त्या निवडीनंतर डाव्या कोपऱ्याची जबाबदारी तुलनेने नवख्या हातांत गेली. अकराव्या हंगामाची सुरुवात पाहता हे धाडस पचेल असे वाटत होते, कारण १९ ऑक्टोबरला पहिल्याच सामन्यात पलटणने हरियाणाला, म्हणजे शादलुईच्या नव्या संघाला, ३५-२५ असे हरवले. पुढे हंगामाच्या मध्यावर अस्लमचा गुडघा दुखावला, नेतृत्व आकाश शिंदेकडे आले आणि संघाची घडी मोडली.

आकडे इथे बरेच सांगून जातात. अकराव्या हंगामात पलटणच्या नावावर ९ विजय, १० पराभव, ३ बरोबरी आणि एकूण ६० गुण होते. त्या वेळच्या पद्धतीत विजयाला ५, बरोबरीला ३ आणि ७ किंवा त्याहून कमी फरकाच्या पराभवाला १ गुण मिळत असे. विजय आणि बरोबरीचे ५४ गुण वजा केले की उरतात ६, म्हणजे दहापैकी सहा पराभव सात गुणांच्या आतले होते. हा दुबळा संघ नव्हता. तो शेवटच्या पाच मिनिटांत, तिसऱ्या निर्णायक चढाईवर, खात्रीने गुण आणणारा माणूस नसलेला संघ होता. (लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्यास तिसरीत गुण घ्यावाच लागतो, अन्यथा चढाईपटू बाद होतो.) सर्वसाधारण समज असा की शादलुई गेला म्हणून पुणे कोसळले; तो अर्धाच खरा आहे. २०२२च्या अंतिम सामन्यातही अस्लम आणि मोहित यांच्याअभावी हीच उणीव उघडी पडली होती. २०२४च्या मार्चमध्ये ती झाकली गेली, कारण प्रमुख खेळाडू धडधाकट होते आणि मागे शादलुई होता. दोन्ही आधार एकाच हंगामात सुटले, तेव्हा पर्यायी चढाईपटूची उणीव भरून काढायला काही उरले नाही. मुलांवर विश्वास ठेवणे योग्य, परंतु सगळी मुले साधारण एकाच वयाची आणि एकाच पद्धतीने वाढलेली असली की अडीअडचणीच्या वेळी सामना हळू करणारा, वेळ खाणारा, बेरकी गडी संघात सापडत नाही.

इतर देशांतील व्यावसायिक लीगशी तुलना केली तर पुण्यापुढचा पेच अधिक स्पष्ट होतो. उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे बर्फावरच्या हॉकीत, तळाच्या संघांना नवोदितांच्या निवडीत वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता सोडतीद्वारे अधिक ठेवलेली असते, आणि २००५ पासून तिथेही संघाच्या वेतनखर्चाला मर्यादा आहे. त्यामुळे हरलेल्या हंगामाची काही भरपाई व्यवस्थेतूनच मिळते, इतकी की काही संघांवर मुद्दाम तळाला जाण्याचा आरोप होतो. प्रो कबड्डीत खर्चाची मर्यादा आहे, पण हरण्याचे बक्षीस नाही. आठव्या आणि पहिल्या क्रमांकाचा संघ लिलावाला तेच ५ कोटी घेऊन बसतात. हाताशी साधन एकच, ‘फायनल बिड मॅच’, म्हणजे आपल्याच मुक्त केलेल्या खेळाडूवर लागलेली अखेरची बोली तितकीच रक्कम देऊन स्वीकारण्याचा हक्क. आणि तोही शेवटी त्याच तिजोरीतून वापरायचा.

पलटणची फेरबांधणी या चौकटीत झाली. मुख्य प्रशिक्षक बी. सी. रमेश बेंगळुरू बुल्सकडे गेले आणि त्यांच्या जागी अजय ठाकूर आले. २०१६च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इराणविरुद्ध भारताला सावरणारा चढाईपटू म्हणून त्यांची ओळख आहे. ३१ मे आणि १ जून २०२५ रोजी मुंबईत झालेल्या लिलावाच्या आसपास आकाश शिंदे आणि संकेत सावंत हे दोघे बेंगळुरूला गेले. अस्लम, मोहित, पंकज, गौरव आणि अबिनेश हा गाभा मात्र कायम राहिला. शादलुईसाठी गुजरात जायंट्सने २ कोटी २३ लाख मोजले. पुण्याने मोठी रक्कम या वेळी चढाईत लावली आणि सचिन तन्वरला एक कोटीहून अधिक देऊन घेतले. पाटण्यात आणि तमिळ थलायवाजमध्ये खेळलेला सचिन हा पहिल्या चढाईपटूच्या सावलीत राहूनही गुण जमवणारा खेळाडू आहे, आणि नेमकी हीच जागा अकराव्या हंगामात रिकामी होती. शिवाय युवा फळीतून वर आलेल्या आदित्य शिंदेला भरपूर चढाया मिळाल्या. फेरबांधणी म्हणजे सगळे मोडून नव्याने मांडणे, असा एक सोपा अर्थ घेतला जातो; पुण्याने पाच माणसे ठेवून एक विशिष्ट भगदाड बुजवले, आणि ते अधिक अवघड काम होते.

बाराव्या हंगामात पलटण साखळीअखेर तक्त्याच्या शिखरावर पोहोचला. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी दिल्लीच्या त्यागराज क्रीडागृहात अंतिम सामना दबंग दिल्लीने ३१-२८ असा जिंकला, आणि दिल्लीच्या बचावात होता फझल अत्राचली, २०२२चा पुण्याचा कर्णधार. पुण्याच्या दोन माजी बचावपटूंनी लागोपाठच्या दोन हंगामांत दुसऱ्या संघांसाठी करंडक जिंकले, हा केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा भाग नाही. तरुणांना घडवण्यात हातखंडा असलेल्या या संघाला अनुभवी पकडपटू दीर्घकाळ टिकवणे अजून साधलेले नाही.

वरवंड-पाटसच्या प्रेक्षकाच्या वाट्याला त्या हंगामात पुण्यातील एकही सामना आला नाही, कारण विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली एवढ्याच ठिकाणी स्पर्धा खेळवली गेली. बालेवाडीचे सामने असत तेव्हा सुमारे ६० किलोमीटर येऊन, आख्खे शहर ओलांडून, पश्चिमेच्या टोकाला पोहोचावे लागे, तरी संघ प्रत्यक्ष पाहता येई. दौंड-शिरूरच्या मुलांसाठी यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न निवडीचा आहे: लिलावातील सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाची पायाभूत किंमत ९ लाख रुपये आहे, परंतु तिथवर पोहोचायचे तर आधी मॅटवर, तीस सेकंदांच्या चढाईच्या हिशेबाने खेळण्याची सवय हवी, आणि जत्रेच्या मैदानांवर अजूनही बहुतेक ठिकाणी मातीच आहे. आदित्य शिंदेसारख्यांचे मानधन आता चढत जाईल, पुढच्या लिलावाआधी पुण्याला पुन्हा कोणाला तरी सोडावे लागेल, आणि मोकळी होणारी स्वस्त जागा भरण्यासाठी निवड चाचण्यांना येणाऱ्या मुलांत कोपऱ्यावर उभे राहू इच्छिणारे किती असतील, यावर तेराव्या हंगामाचा बचाव ठरेल.