वाळलेली जलपर्णी आणि पाण्यातील जड धातू

पवना, मुळा-मुठा, पंचगंगा या नद्यांवर दाटणारी जलपर्णी आपल्या परिचयाची आहे. काठावर काढून टाकलेल्या जलपर्णीचे फुकट कंपोस्ट करावे, असे अनेकांच्या मनात येते. मात्र ती ज्या पाण्यात वाढली त्यात कारखान्यांचे सांडपाणी मिसळत असेल, तर तिचा एक गुणधर्म आधी समजून घ्यावा.

धातू कसे धरले जातात?

शिसे, कॅडमियम, तांबे, जस्त, निकेल या जड धातूंचे पाण्यात विरघळलेले आयन धनभारित असतात. जलपर्णीच्या पेशीभित्तिकेतील कार्बोक्सिल व हायड्रॉक्सिल गट त्यांना धरून ठेवतात. त्यासाठी वनस्पती जिवंत असावी लागत नाही. मुळे धुऊन, वाळवून, दळून केलेली भुकटी दूषित पाण्यात ढवळली व नंतर गाळून काढली, तर तिच्याबरोबर धातूही बाहेर येतात. पाण्याचा सामू ५ ते ६ च्या आसपास असताना शिसे व कॅडमियम चांगले धरले जातात. सामू फार कमी असल्यास ते पुन्हा सुटतात.

आर्सेनिकसारखा विषारी घटकही ही भुकटी काढते. इंग्लंडमधील डी माँटफोर्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लिटरला २०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असलेल्या द्रावणातून एका तासात ९० टक्क्यांहून अधिक आर्सेनिक निघाले.

धोका कोठे आहे?

पाण्यातून निघालेला धातू नाहीसा होत नाही, तो भुकटीत राहतो. नदीतील जलपर्णीचेही तसेच आहे. ताज्या जलपर्णीत ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते. ती वाळून कुजली की वजन घटते, पण धातू तेवढाच राहतो. म्हणजेच किलोमागे त्याचे प्रमाण वाढते. असे खत दरवर्षी टाकल्यास धातू जमिनीत साठतात व पालेभाज्यांत उतरू शकतात.

कोणती काळजी घ्यावी?

१. कारखान्याचे सांडपाणी मिळणाऱ्या नदी-नाल्यातील जलपर्णी कंपोस्ट, आच्छादन किंवा चाऱ्यासाठी वापरू नये. धातू मुळांत अधिक साठतात, तरी केवळ मुळे छाटून धोका टळत नाही.

२. इतर ठिकाणच्या जलपर्णीचे खतही प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे कॅडमियम ५ व शिसे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे.

३. घरी भुकटी करून पिण्याचे पाणी शुद्ध करू नये. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला फक्त ०.०१ मिलिग्रॅम आहे. ते चवीवरून ओळखता येत नाही आणि उकळून जात नाही.

४. सांडपाण्यासाठी वापरलेली भुकटी उकिरड्यावर टाकू नये, जाळूही नये. तिची विल्हेवाट घातक कचऱ्याप्रमाणेच लावावी लागते.

ही पद्धत सांडपाणी जेथून बाहेर पडते तेथे, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उपयोगाची आहे. शेतकऱ्याने मात्र जलपर्णी खड्ड्यात टाकण्यापूर्वी ती कोणत्या पाण्यातून आली, याची खात्री अवश्य करावी.