पेटीवरचे पांढरे कडे

आजोबांच्या सागवानी पेटीवर कुणीतरी चहाची गरम किटली ठेवली आणि झाकणावर पांढरे कडे उमटले. "पॉलिश पेपरने घासून टाकू," असे घरात कुणी म्हणतेच. पण घासले की डागाबरोबर जुने पॉलिशही जाते. तेव्हा आधी डाग समजून घेऊ.

जुन्या लाकडी वस्तूंवर पुष्कळदा लाखेचे पॉलिश असते. पळस, बोर, कुसुम या झाडांवरचे लाखेचे किडे राळेसारखा पदार्थ स्रवतात, ती लाख. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडावर फिरवतात. स्पिरिट उडून जाते, पातळ थर उरतो. उष्णतेने हा थर मऊ होतो आणि त्यात बाष्प शिरते. मग प्रकाश सरळ आरपार न जाता विखुरतो. बर्फाचा खडा पारदर्शक, पण त्याचा चुरा पांढरा दिसतो, तसेच हे. म्हणजे डाग पॉलिशमध्ये आहे, लाकडात नाही.

काळा डाग मात्र वेगळा. हिरड्याची पूड पाण्यात कालवून त्यात गंजका खिळा टाका. पाणी शाईसारखे काळे होईल. हिरड्यातील टॅनिन आणि लोखंड यांची ही क्रिया. ओल्या लाकडात खिळ्याभोवती हेच घडते. हा डाग खोल असतो. तो अनुभवी सुतारावर सोपवावा.

पांढऱ्या डागासाठी पेटी काही दिवस कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. हरसूलच्या पावसाळ्यात घाई नको, कारण दमट हवेत लाखेवर पुन्हा पांढुरकेपणा येतो. मग पेटीच्या मागे, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब लावा. चिकट झाले तर पॉलिश लाखेचे. आता सुती फडक्याला नावापुरते स्पिरिट लावून डागावरून एकदाच हलका हात फिरवा. लाख क्षणभर मऊ होते, ओल निघून जाते, थर पुन्हा सलग होतो. फडके ओले असेल किंवा हात रेंगाळला, तर पॉलिशच निघेल. खोलीची खिडकी उघडी हवी, जवळ चूल वा दिवा नको.

हाच उपाय बोहाड्याच्या मुखवट्यावर करू नका. हरसूल परिसरात घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या या मुखवट्यांवर रंग असतो. स्पिरिटने, कधी साध्या ओल्या फडक्यानेही तो निघू शकतो. तिथे मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकावी, एवढेच.

मुलांना घरातील एखादी जुनी वस्तू पाहायला सांगा. तिच्यावर काय लावले आहे आणि ते कशात विरघळेल? उत्तर मिळेपर्यंत हात आवरावा.